पेढे नंतर, आधी कागद

निकालाच्या दिवशी तुम्ही पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या घरी येता. यंदाही याल. पुडा बाजूला ठेवायचा आणि आधी माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. जात पडताळणीचा अर्ज कोणत्या तारखेला केला? कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचा, पर्याय अर्ज कुणी भरला? चार वर्षांचा सगळा खर्च घरात कुणी कागदावर मांडला का? टक्के विचारले तर तुम्ही दशांश चिन्हानंतरचे दोन आकडेही सांगता. हे तीन प्रश्न विचारले की मान खाली जाते. बत्तीस वर्षं मी वाशिम जिल्ह्यात गणित शिकवतोय. आज बोलणार आहे ते रागानेच बोलणार आहे, कारण गोड बोलून पाहिलं आणि त्याने एकाही घराचं कर्ज वाचलं नाही.

मागच्या महिन्यात एक माजी विद्यार्थी वडिलांना घेऊन आला. हुशार पोरगा. दहावीला गणितात पंच्याण्णवच्या वर होता. वडिलांकडे पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. बाप बराच वेळ बोललाच नाही. मग बँकेचा कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "सर, पैसे तं आठ लाख घेतले होते. बँकवाला अकरा म्हणते. काहून?"

मी पोराकडे पाहिलं. त्याला उत्तर माहीत नव्हतं. इंजिनिअर झालेल्या पोराला! सरळव्याज तुम्ही सातवीत शिकलात. चक्रवाढ आठवीत शिकलात. परीक्षेत उदाहरणं सोडवून गुण घेतलेत. आणि बापाच्या शेतावर बोजा चढवणाऱ्या कागदावर सही करताना ते उदाहरण तुम्हाला आठवलं नाही? मग मी शिकवलं ते कशासाठी?

वही काढा आणि लिहा. दरवर्षी दोन लाख, अशी चार वर्षं. व्याज 11 टक्के. शिकत असताना आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून धावतं. पहिल्या वर्षीच्या दोन लाखांवर पाच वर्षांचं व्याज 1 लाख 10 हजार. दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर 88 हजार, तिसऱ्यावर 66 हजार, चौथ्यावर 44 हजार. बेरीज 3 लाख 8 हजार. म्हणून आठाचे अकरा. आता ही 11 लाख 8 हजारांची रक्कम दहा वर्षांत फेडायची तर महिन्याचा हप्ता साधारण 15,260 रुपये. दहा वर्षांत जाणार सव्वाअठरा लाखांच्या वर.

अजून वही मिटू नका. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. वर्षाचे बारा हप्ते म्हणजे 34 क्विंटल सोयाबीन. एकरी सहा क्विंटल धरा, तर पावणेसहा एकरांचं सगळं पीक. त्या बापाचं शेतच पाच एकर आहे. हे गणितसुद्धा बियाणं, खत, फवारणी, मळणी फुकट झाली, पाऊस वेळेवर आला आणि माल हमीभावाने गेला, असं धरून केलेलं आहे. बाजार समितीत काय भाव पुकारतात ते तुम्ही बापाच्या शेजारी पोत्यावर बसून ऐकलंय.

पोराच्या हातात महिन्याला सतरा हजार पडतात. पुण्याजवळ कंत्राटी नोकरी. खोली आणि मेस सुटल्यावर हप्त्याला काही उरत नाही.

तुम्ही म्हणाल, सर, गरिबाला कर्ज घ्यावंच लागतं. हे साफ खोटं आहे, आणि याच खोट्याचा मला राग आहे. त्या पोराचं कर्ज गरिबीने झालेलं नाही. तो ओबीसी आहे. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या खूप खाली. कॅपमधून प्रवेश घेतला असता तर शिक्षण शुल्काचा अर्धा भाग सरकारने भरला असता. त्याच्या सीईटीच्या गुणांवर अमरावती विभागातच जागा मिळत होती. पण अकरावी-बारावीत जात पडताळणीचा अर्ज केला नाही. 'करू ना सर, अजून वेळ आहे.' मग ऐन जुलैत धावपळ झाली, जागा खुल्यातून घ्यावी लागेल या भीतीने घर बिथरलं, आणि तेवढ्यात कुणीतरी फोन केला की पुण्याकडच्या एका मोठ्या कॉलेजात संस्थेच्या कोट्यातली जागा आहे, दोन दिवसांत पैसे भरले तर. भरले. सवलत त्या क्षणी संपली. एका वर्षाची नाही, चारही वर्षांची. कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं म्हणून बँकेने तारण मागितलं, आणि सातबाऱ्यावर बोजा चढला.

आजोबांच्या शाळेचा एक दाखला वेळेवर काढला नाही, त्याची ही किंमत.

म्हणून आता दाखल्याचंच बोलू. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुना महसुली कागद. हे एका दिवसात मिळत नाहीत. कुठे शाळेचं रजिस्टर फाटलेलं, कुठे आडनाव वेगळं, कुठे जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू' लिहिलेलं. आपला जिल्हा 1 जुलै 1998 ला अकोल्यापासून वेगळा झाला, त्यामुळे एखाद्या नोंदीसाठी अकोल्याची खेपही करावी लागते. विज्ञान शाखेत असाल तर अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत पडताळणीचा अर्ज करता येतो. दरवर्षी मी वर्गात सांगतो. दरवर्षी साठातले दहा-बारा जण अर्ज आणतात. बाकीचे सरकार मुदत वाढवील म्हणून बसून राहतात. अनेकदा वाढवतंही. पण ज्या वर्षी नाही वाढवणार ते वर्ष तुमचं असलं, तर कुणाच्या दारात रडणार आहात?

तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, अधिवास, आधारला जोडलेलं बँक खातं. नॉन क्रिमिलेअरची मुदत 31 मार्चला संपते, हे दरवर्षी जूनमध्ये कळून तुमचा चेहरा पांढरा पडतो. नावातला एक काना चुकला म्हणून शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज अडकतो आणि तुम्ही पुढच्या वर्षी बघू म्हणून सोडून देता. बाप पेरणीच्या आधी बियाण्याच्या पिशवीवरची मुदत तपासतो. तुमच्याकडून तेवढीच अपेक्षा आहे.

ज्यांचे आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्या तांड्यावरच्या पोरांना मी यात धरत नाही. सहा महिने घराला कुलूप असताना कागद कोण गोळा करणार? ते काम आम्हा शिक्षकांचं आणि ग्रामपंचायतीत बसलेल्यांचं आहे, आणि ते आमच्याकडून नीट होत नाही. ती चूक माझ्या पदरात टाका. पण जे घरी असतात, ज्यांच्या खिशात फोन आहे, जे रोज तीन तास त्यात मान घालून बसतात, त्यांनी मला वेळ नव्हता असं सांगू नये.

आता सायबर कॅफेवाल्याकडे येऊ. "सर, फार्म तं त्यानंच भरला." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कानाला टोचतं. त्या माणसाचं पोट फॉर्मवर आहे. एक भरला की दुसरा घ्यायचा असतो. त्याला तुझं शेत माहीत नाही, तुझी आवड माहीत नाही. कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तीच जागा घ्यावी लागते, पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद. म्हणजे पहिल्या ओळीत काय लिहायचं, यावर चार वर्षं ठरतात. ती ओळ तुम्ही अशा माणसाच्या हातात देता ज्याला तुमचं पूर्ण नावही माहीत नसतं. लग्नात जेवणाच्या पंगतीचा क्रम ठरवायला चार भावकीतले बसतात. इथे कुणी बसत नाही.

आणि खाजगी विद्यापीठं. काचेच्या इमारती, हिरवळ, बसथांब्यावर लावलेले भलेमोठे फलक. तिथे जायचं तर जा, पण एक गोष्ट मनात ठेवून जा. मुलींच्या शंभर टक्के शुल्कमाफीतून, जिच्याबद्दल पुढे बोलतोच, खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत. कॉलेज आणि विद्यापीठ यांतला हा फरक माहितीपत्रकात ठळक छापलेला नसतो. फोन करणारी बाई सांगत नाही. तो तुम्ही विचारायचा असतो: ही जागा कॅपमधली आहे का, आणि महाडीबीटीवर या संस्थेचं नाव दिसतं का? या दोन प्रश्नांना फाटे फुटले की चहासुद्धा न घेता उठायचं.

मुलींच्या वडिलांशी मला वेगळं बोलायचंय. भाऊ, 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अट एवढीच, की कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून. याशिवाय तांत्रिक पदवी किंवा पदविकेला गेलेल्या मुलींसाठी केंद्राची प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 50 हजार, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. आणि तुम्ही काय करता? पोराच्या कोट्यातल्या जागेसाठी शेत गहाण टाकता, आणि त्याच्यापेक्षा दहा टक्के जास्त मिळवलेल्या पोरीला गावातल्या कॉलेजात बी.ए.ला बसवता, 'तिचं लग्नच करायचं आहे' म्हणून. जिचं शिक्षण फुकट होत होतं तिला घरी बसवलं आणि ज्याचं विकत घ्यावं लागत होतं त्याच्यासाठी कर्ज काढलं. यात मायाही नाही आणि हिशोबही नाही. माझ्या वर्गातल्या अशा तीन पोरींची नावं मला आजही पाठ आहेत. त्यांतली एक मंगरुळपीरला दुकानात कापड मोजते.

2018 मध्ये केंद्राने देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून चार नावं निघाली: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि आपलं वाशिम. ते नाव वाचून मला झोप लागली नव्हती. यादीत नाव असणं आपल्या हातात नव्हतं. हक्काची सवलत तारखेवर सोडून देणं मात्र आपल्या हातात आहे, आणि आपण ती दरवर्षी सोडतो.

तुम्हाला वाटेल सर सगळं आयुष्य शहाणपणाने वागले. नाही. 2005 नंतरची काही वर्षं आठवा, म्हणजे तुमच्या वडिलांना आठवतील. गावोगाव डी.एड.ची कॉलेजं निघाली होती. दोन वर्षांचा कोर्स, मग शिक्षणसेवक, मग कायम. घराघरात तेच बोलणं. लोकांनी एकर-दोन एकर विकून देणग्या भरल्या, आणि मी, हो मीच, माझ्या वर्गातल्या चांगल्या पोरांना सांगितलं की जा, यात धोका नाही. मे 2012 मध्ये सरकारने शिक्षकभरती थांबवली. पुढे टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली. डिसेंबर 2017 मध्ये अभियोग्यता चाचणी झाली, शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल आलं, पण तोवर ती पोरं तिशीकडे झुकली होती. त्यांतला एक रोज सकाळी माझ्या गाडीत पेट्रोल भरतो. अजूनही 'सर' म्हणतो. मी त्याच्याकडे नीट पाहू शकत नाही. सगळे ज्या रांगेत उभे आहेत त्या रांगेत शेवटी काय मिळतं हे मी तेव्हा तपासलं नाही. म्हणून आज फार्मसीला सगळे चालले, कॉम्प्युटरला सगळे चालले, असं तुम्ही सांगता तेव्हा माझा आवाज चढतो.

तेच परदेशी डॉक्टरकीचं. नीटला गुण कमी पडले की आठ दिवसांत एजंट दारात. किर्गिझस्तान, रशिया, उझबेकिस्तान. 'पंचवीस-तीस लाखांत डॉक्टर.' परदेशी वैद्यकीय पदवीचे नोव्हेंबर 2021 चे नियम त्याला विचारा: 54 महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप, सगळं शिक्षण इंग्रजीतून, आणि परत आल्यावर इथली परीक्षा निम्मे गुण मिळवून उत्तीर्ण. ती होईपर्यंत स्टेथोस्कोप गळ्यात घालायचा अधिकार नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि हजारो पोरं शिक्षण अर्धवट टाकून जीव घेऊन परतली. त्यांच्या घरच्या कर्जाला युद्धाचं कारण चाललं नाही. आपल्या वाशिमला 2024 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय. एक वर्ष घरी बसून नीट पुन्हा देणं हे तीस लाखांपेक्षा स्वस्त आहे. त्यात कमीपणा नाही.

आणि एक सवय, जी आपल्या मातीत मुरली आहे. 2008 ला कर्जमाफी आली, 2017 ला आली, 2019 ला आली. दुष्काळाने आणि भावाने मारलेल्या शेतकऱ्याला ती मिळायलाच हवी होती. पण त्यातून घरात एक वाक्य रुजलं: 'काढ रे, पुढे माफ होईल.' त्या माफ्या शेतीकर्जाच्या होत्या. शिक्षणकर्जाला त्यांतली एकही लागू झाली नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात चार कोटींहून जास्त माणसांच्या डोक्यावर शिक्षणकर्ज आहे. तिथल्या सरकारने काही रक्कम माफ करायचा बेत केला, तर 2023 मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तुम्ही कुणाच्या भरवशावर आहात? शिक्षणकर्जात बाप सहकर्जदार असतो. पोराचा हप्ता चुकला की थकबाकी बापाच्या नावावरही दिसते. मग मार्चमध्ये पीककर्जाचं नवं-जुनं करायला तो बँकेत जातो, तेव्हा साहेब त्याला खुर्चीसुद्धा देत नाही. पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या व्याज सवलत योजनेत वेळेवर फेडणाऱ्या शेतकऱ्याला तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं. ती पत त्याने वीस वर्षं जपली, आणि तुम्ही ती एका सहीत घालवली.

कर्ज घेऊच नका असं मी म्हणत नाही. चांगल्या सरकारी संस्थेत जागा मिळाली आणि पैसा कमी पडला, तर कर्ज घ्या, ताठ मानेने घ्या. 6 नोव्हेंबर 2024 ला केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. देशातल्या निवडक संस्थांत प्रवेश असेल तर तारण आणि जामीन न मागता कर्ज, आणि आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत. आधी तुमची संस्था त्या यादीत आहे का पाहा. नसेल तर का नाही, ते विचारा. माझा स्वतःचा नियम साधा आहे: एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नको. पगाराचा आकडा माहितीपत्रकातून घ्यायचा नाही. त्या कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तिघांना फोन लावायचा आणि हातात किती पडतात ते विचारायचं.

दहावीनंतर वाशिमच्या शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआय करून शिकाऊ उमेदवार म्हणून कारखान्यात विद्यावेतन घेत काम शिकता येतं. हे मी सांगितलं की तुमची तोंडं वाकडी होतात, नातेवाईक काय म्हणतील म्हणून. नातेवाईक हप्ता भरायला येत नाहीत. परगावी राहायचं तर समाजकल्याणची वसतिगृहं आहेत, तिथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना आहे, अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबरावांच्याच नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. प्रत्येकाला अर्ज आहे, प्रत्येकाला शेवटची तारीख आहे.

तो माजी विद्यार्थी आता दर रविवारी येतो. आम्ही बँकेला परतफेडीची मुदत वाढवून मागणारा अर्ज लिहिलाय. मुदत मिळाली तर हप्ता थोडा उतरेल, पण एकूण व्याज वाढेल, हेही मी त्याच्या बापाला फळ्यावर दाखवलं. त्याने पूर्ण पाहिलं आणि मग विचारलं, "सर, धाकटीचं कसं करू?" धाकटी यंदा अकरावीत आहे. तिच्या पणजोबांच्या शाळेचा उतारा आम्ही गेल्या आठवड्यात काढला.

बाकीच्यांनी ऐका. येत्या सोमवारी सकाळी आठला मी शाळेत बसलेला असेन आणि रोज दहापर्यंत बसेन, पंधरा दिवस. वडिलांना नाही तर आईला सोबत घेऊन या. आजोबांचा दाखला, शिधापत्रिका, आधार, बँकेचं पासबुक आणा, एक कोरी वही आणा. सातबारा घरी ठेवा.